थेंबताई आणि बारावा फ्लास्क

थेंबताईंचा रविवार छत्तीस वर्षांत कधी अख्खा रविवार झाला नाही. सकाळचा चहा घेऊन त्या दारात चपला शोधायला लागल्या की त्यांची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, वर्तमानपत्राआडून विचारायची, “निघालीस पोरांना भरवायला?”

“दोन तासांत आलेच.”

“येताना दोन-चार घेऊन ये घरी. मलाही कळू दे, दिसतात तरी कशी.”

“नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत गं ती.”

“मग बरंय. पसारा तरी होणार नाही.”

हा संवाद दर रविवारी थोड्याफार फरकाने व्हायचा आणि दोघींनाही त्याचा कंटाळा आला नव्हता. थेंबताईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणारी माणसं आता उरली नव्हती. अक्काचे यजमान गेल्यापासून दोघी बहिणी एकाच घरात राहत होत्या.

पोरं म्हणजे पेशी. एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक पॅसेजच्या टोकाला दुहेरी दाराची एक खोली होती. तिथे माणसाच्या पेशी चपट्या, पारदर्शक बाटल्यांमध्ये वाढवल्या जात. या बाटल्यांना फ्लास्क म्हणत. फ्लास्क आडवा झोपवायचा, म्हणजे पेशी त्याच्या तळाला चिकटून बसतात. वरून गुलाबी रंगाचं पोषक पाणी, म्हणजे मीडियम, घालायचं, आणि अंगाइतकी ऊब राखणाऱ्या कपाटात तो ठेवून द्यायचा. दोन-तीन दिवसांनी जुनं पाणी काढून ताजं घालायचं. तळ पेशींनी भरून गेला की त्या हलकेच सोडवून दोन फ्लास्कमध्ये वाटून द्यायच्या. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे थेंबताईंनाही तो कळून चालत नसे.

त्या इथे लागल्या होत्या बाटल्या धुवायला. वडील अचानक गेले, विज्ञानाचं शिक्षण दुसऱ्या वर्षीच सुटलं, आणि बाविसाव्या वर्षी हातात साबण आणि ब्रश आला. पण बाटली धुताना बाई प्रश्न विचारते, हे तेव्हाच्या सरांच्या लक्षात आलं. या जुन्या सरांनी तिला एक एक काम शिकवलं, आणि त्यातल्या एका कामाने तिचं नाव बदललं.

ते काम असं. पेशीच्या पोटात गुणसूत्रं असतात, आईवडिलांकडून आलेला सगळा वारसा त्यांच्यात गुंडाळलेला असतो. एरवी ती विस्कटलेल्या दोऱ्यासारखी असतात, दिसत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात आली की मात्र ती आखडून जाड होतात आणि मोजता येतात. त्यासाठी पेशी नेमक्या त्या क्षणाला अडवायच्या, पाण्याने टम्म फुगवायच्या, आणि मग त्यांचा एक थेंब गार, ओल्या काचपट्टीवर उंचावरून टाकायचा. थेंब फुटला की पेशीही फुटते आणि गुणसूत्रं सुटी सुटी पसरतात. कमी उंचीवरून टाकला तर सगळी एकमेकांत अडकलेली, जास्त उंचीवरून टाकला तर एका पेशीची दुसरीच्यात मिसळलेली. पीएचडी झालेली माणसं दहा-दहा काचा वाया घालवायची. या बाईचा थेंब पहिल्याच खेपेला नीट पडायचा. तिने भिंतीवर पेन्सिलने एक रेघ मारून ठेवली होती, तिच्या बरोबरीला हात धरायचा आणि श्वास रोखायचा, एवढंच. जुने सर म्हणाले, “ही आमची थेंबताई.” पगारपत्रक सोडलं तर दुसरं नाव नंतर कुणी घेतलं नाही.

प्रश्न विचारायची सवय मात्र तशीच राहिली. एकदा फुटक्या काचेने त्यांचं बोट कापलं. पट्टी बांधता बांधता जुने सर म्हणाले, “ही जखम आठवड्यात भरेल. कशी?”

“नव्या पेशी तयार होऊन.”

“बरोबर. आणि भरल्यावर त्या थांबतील. का थांबतील? बोटाला दुसरं बोट फुटेपर्यंत वाढत का नाही बसणार?”

थेंबताईंना हे कधी सुचलंच नव्हतं. आठवडाभर त्या बोट बघत होत्या. आठव्या दिवशी तिथे फक्त एक बारीक पांढरी रेघ उरली, आणि त्यांना त्या रेघेचं जखमेपेक्षा जास्त नवल वाटलं. कुणीतरी ‘पुरे’ म्हटलं होतं, आणि कुणीतरी ते ऐकलं होतं.

पुढे त्यांना ते ‘पुरे’ फ्लास्कमध्ये रोज दिसू लागलं. खोलीत मुख्यतः दोन घराणी होती. एक घराणं एका नवजात मुलाच्या कातडीच्या नखाएवढ्या तुकड्यापासून सुरू झालेलं. ते ‘शांत’. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी लांबट, नीट विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेने लागलेल्या दिसायच्या. शेजारणीचा स्पर्श झाला की त्या वाढ थांबवायच्या. एकावर एक चढणं नाही, ढकलाढकल नाही. आणि एवढं वळण असूनही त्यांचं आयुष्य ठरलेलं. साधारण पन्नास वेळा दुप्पट झाल्या की त्या पसरट होऊन बसायच्या, कितीही चांगलं खायला घाला, दुभंगायच्या नाहीत. प्रत्येक वेळी गुणसूत्रांची टोकं थोडी थोडी झिजतात आणि त्यावरून पेशीला आपलं वय कळतं, असं जुन्या सरांनी सांगितलं होतं.

दुसरं घराणं ‘हट्टी’. ते कुठल्याशा बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेलं. ती बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पेशी अजून वाढत होत्या. गोलसर, अंगावर अंग टाकून, ढिगाने. त्यांना शेजारी कळत नव्हता, वय कळत नव्हतं. रोजच्या रोज दुप्पट. आणि खायच्या इतक्या, की गुलाबी पाणी एका दिवसात आंबून पिवळं पडायचं.

म्हणून थेंबताईंचा एक नियम होता: शांतांना आधी भरवायचं, हट्टींना शेवटी, आणि दोघांची पाण्याची बाटली वेगळी. हट्टीची एक पेशी जरी शांतांच्या घरात शिरली तरी ती घर बळकावते, हे त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळांत घडलेलं ऐकलं होतं. खोलीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पहिल्या दिवशी ऐकावा लागे.

चार वर्षांपूर्वी तो धाकटीने ऐकला होता. विभागात सगळ्यात शेवटी आलेली संशोधक, म्हणून धाकटी. होती बत्तीस वर्षांची, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती एवढी भरभर बोलायची की थेंबताई म्हणायच्या, “श्वास घे गं मध्ये, वाक्य कुठे पळून जात नाही.”

धाकटीचा प्रश्न थेंबताईंच्या जुन्या प्रश्नाचाच धागा होता. पहिल्याच महिन्यात तिने पाठकोऱ्या कागदावर एक गोल काढून दाखवला.

“हे बघा ताई, पेशी दुभंगायच्या आधी एवढ्या ठिकाणी थांबते. इथे बघते, खायला पुरेसं आहे का, बाहेरून ‘वाढा’ असा निरोप आलाय का. इथे बघते, वारशाची नक्कल नीट उतरली का, काही तुटलंय का. तुटलं असेल तर दुरुस्त करते, नाही जमलं तर स्वतःला संपवते. आणि इथे बघते, गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी वाटली जाणार का.”

“एवढ्या तपासण्या? मग बिघडतं कसं काय?”

“तपासनीसच बिघडतात. प्रत्येक तपासणी करायला एकेक जनुक नेमलेलं आहे, ब्रेकसारखं. उन्हाने, धुराने, नाहीतर नुसत्या नकलेतल्या चुकीने एखादं जनुक नासलं, की तो ब्रेक गेला. पण एक गेल्याने भागत नाही असं म्हणतात, बरेच ब्रेक एकामागून एक जावे लागतात. म्हणून तर हा रोग बहुतेकदा उतारवयात होतो, तेवढी वर्षं लागतात. मला बघायचंय, एकच मोठा ब्रेक काढला तर पेशी कुठवर जाते.”

“आणि नाही थांबली तर?”

“तर मग मोठीच बातमी.”

तयारीतच तीन वर्षं गेली. मग शांतांचे बारा फ्लास्क निवडले, त्यांतल्या पेशींचा तो एक ब्रेक निकामी केला, आणि थेंबताईंनी ते एक ते बारा आकडे घालून भरवायला घेतले. पन्नासावी दुप्पट आली आणि गेली, पेशी थांबल्या नाहीत. धाकटी पॅसेजमधून धावतच आली होती त्या दिवशी. पण साठीच्या आसपास एकेक फ्लास्क मंदावला. कुणी अठ्ठावन्नाला थांबला, कुणी चौसष्टाला. अकरा फ्लास्क थांबले.

बारावा थांबला नाही. बारावा तर उलट धावत सुटला.

विभागाचे आताचे सर सहसा या खोलीत येत नसत, ते त्या दिवशी पायांवर निळ्या पिशव्या चढवून आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले.

“एकच ब्रेक,” ते म्हणाले, “आणि त्या अमर झाल्या! बारातल्या एका फ्लास्कमध्ये का होईना. मुली, तुझ्या प्रबंधाचं नशीब उघडलं.”

प्रबंध महिनाभरात द्यायचा होता. शेवटचं प्रकरण बाराव्या फ्लास्कवर लिहायचं ठरलं, नावही ठरलं. सर त्यावर परदेशातल्या परिषदेत बोलणार होते. धाकटीने सगळ्यांना पेढ्यांऐवजी चॉकलेटं वाटली. थेंबताईंनी आपलं चॉकलेट अक्कासाठी पर्समध्ये ठेवलं, आणि परत येऊन बाराव्यासमोर बसल्या.

त्यांना काहीतरी खटकत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं. पिवळं पाणी? धाकटी म्हणाली, “भरभर वाढतात म्हटल्यावर खाणारच ना ताई.” पेशी गोलसर झाल्यात? “ब्रेक काढल्यावर रूप बदलतंच, पुस्तकात आहे.” प्रत्येक शंकेला उत्तर होतं, आणि उत्तरं चुकीचीही नव्हती. पण छत्तीस वर्षं रोज ज्यांना भरवलं त्यांची चाल ओळखू येते. जिना चढणारं माणूस न बघता ओळखावं तशी. बाराव्यातल्या पेशी एकमेकींच्या खांद्यावर जशा चढत होत्या, ते चढणं थेंबताईंच्या ओळखीचं होतं.

त्या रविवारी पाच तास झाले तरी त्या घरी आल्या नाहीत. त्या खोलीतल्या कपाटातून आपल्या वह्या काढून बसल्या होत्या. कोणत्या दिवशी कोणता फ्लास्क, कोणत्या क्रमाने, कोणत्या बाटलीतलं पाणी, रंग कसा, सगळं त्यात होतं. मागे मागे जाता जाता एका पानावर त्यांचं बोट थांबलं. बाराव्यासमोर त्यांनीच लिहिलं होतं: ‘पिवळट. ?’ तेव्हा त्या प्रश्नचिन्हाचं पुढे काही केलं नव्हतं. त्या आणखी मागे गेल्या. एक महिना मागे, अठरा तारीख, गुरुवार.

‘मीडियम बाटली ४. सकाळी ९.१० हट्टी. ९.४० नंतर १ ते १२.’

अक्षर त्यांचंच होतं, सरळ, नीट.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या डॉक्टरांना हट्टीचा एक फ्लास्क तातडीने हवा होता, गाडी खाली उभी होती आणि ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला होता. नव्या बाटल्या दुपारी येणार होत्या. उघडी एकच होती. त्यांनी हट्टीला आधी घेतलं, आणि मग त्याच बाटलीतून बाराही जणांना भरवलं. नियम ज्यांनी सगळ्यांना पाठ करायला लावला, त्यांनी स्वतः मोडला. वर तो मोडल्याची नोंदही व्यवस्थित केली. आणि बाटलीत पडलेली एखादी पेशी हळूहळू तळाला बसते. बाटलीचा तळ कुणाच्या वाट्याला आला असणार? शेवटच्याच्या.

घरी आल्या तेव्हा अक्का दारातच उभी होती. “काय गं, पोरांनी जेवायला ठेवून घेतलं का?”

थेंबताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. अक्काला पेशी कळत नव्हत्या, पण बहिणीचा चेहरा कळत होता.

“तू गप्प राहिलीस तर कुणाला कळेल?”

“कदाचित कुणालाच नाही. नाहीतर दोन-चार वर्षांनी बाहेरचं कुणीतरी शोधून काढेल आणि धाकटीला खोटी म्हणेल.”

“आणि बोललीस तर?”

“तर तिची चार वर्षं गेली. माझ्यामुळे. दोन महिन्यांनी मी घरी बसणार, अक्का. ती कुठे जाईल?”

अक्काने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. “पण तुझी खात्री कुठे झालीये अजून? तुला ‘वाटतंय’. आधी बघून तर ये, मग रड.”

हे म्हणणं खरं होतं. सोमवारी थेंबताईंनी कुणाला न सांगता बाराव्यातल्या आणि हट्टीच्या थोड्या पेशी घेतल्या, फुगवल्या, भिंतीवरच्या रेघेपाशी हात नेला आणि थेंब सोडले. रंग चढवून काचा वाळल्या तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी डोळा लावला आणि मोजायला सुरुवात केली. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस. बाराव्यातल्या पहिल्या पेशीत अडुसष्ट. दुसऱ्या पेशीत सत्तर. तिसऱ्या पेशीपर्यंत त्या विसरल्या की आपण घाबरलो होतो. त्यांना फक्त पुढे काय दिसतं ते बघायचं होतं.

मग त्यांनी धाकटीला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि आधी वही उघडून अठरा तारीख दाखवली.

धाकटीने ती दोन ओळींची नोंद तीनदा वाचली. “म्हणजे काय? यावरून काय सिद्ध होतं?”

“यावरून काही नाही. ही काच बघ.”

“अडुसष्ट,” थोड्या वेळाने धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मग? ब्रेक काढल्यावर वाटणीत गोंधळ होतोच, गुणसूत्रं वाढतात. हे मी तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय ताई, तुम्ही वाचलं नाहीत.”

“वाचलंय. आपली शांत पेशी मुलाची. मुलाचं ते बारकं गुणसूत्र यात कुठे आहे, शोध.”

धाकटीने वीस पेशी बघितल्या. “हरवलं असेल. हरवतं कधीकधी.”

“हरवतं,” थेंबताईंनी मान्य केलं. “आता ही दुसरी काच. हट्टीची. ते लांब गुणसूत्र बघ, ज्याच्या टोकाला दुसऱ्याचा तुकडा चिकटलाय. मी त्याला शेपटीवाला म्हणते, पंचवीस वर्षं ओळखते मी त्याला. आणि आता परत बाराव्याची काच लाव.”

धाकटीने काच लावली. शेपटीवाला पहिल्याच पेशीत होता. दुसऱ्या पेशीतही. तिने डोळा काढला नाही, पण तिचे खांदे खाली आले.

“एक पेशी जरी पडली असेल...” ती पुटपुटली आणि सवयीने कागदावर आकडे मांडायला लागली. हट्टी रोज दुप्पट, शांत अडीच दिवसांनी. समजा बाटलीतून पाच पेशी आल्या, समोर शांतांच्या दहा लाख. किती दिवसांत बरोबरी होईल? उत्तर आलं एकोणतीस-तीस दिवस. तिने वही ओढून ‘पिवळट. ?’ची तारीख बघितली. अठरा तारखेनंतरचा एकतिसावा दिवस होता.

तिने पेन टाकून दिलं. “तुम्ही असं कसं केलंत ताई? तुम्ही? कुणी दुसऱ्याने केलं असतं तर समजू शकले असते. तुम्ही तर आम्हाला हात धुवायलासुद्धा रांगेत उभं करता!”

“हो.”

“नुसतं हो काय म्हणता!”

“दुसरं काय म्हणू? घाई झाली, माझ्या हातून झालं. तुझं नुकसान मी भरून देऊ शकत नाही.”

धाकटी उठून गेली. दार तिने आपटलं नसतं, पण दुहेरी दारांचं पहिलं दार आपटतंच. दोन दिवस ती आली नाही. थेंबताईंनी त्या दोन दिवसांत बारावा सोडून बाकीच्यांना भरवलं, आणि जुन्या थंड टाकीतून अकराही फ्लास्कच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या शोधून यादी केली. प्रत्येक टप्प्यावर दोन कुप्या बाजूला ठेवायच्या, ही त्यांची आणखी एक सवय. सगळे तिला हसायचे.

तिसऱ्या दिवशी धाकटी आली ती लाल डोळ्यांनी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ म्हणाली, “ताई, तुम्ही मला बारावा दाखवलात. अकरांकडे कुणी बघितलंच नाही.”

“मी रोज बघते.”

“तसं नाही हो! अकरा थांबले. एक ब्रेक काढला तर पेशी दहा-बारा दुपटी जास्त जाते आणि मग दुसरा कुठला तरी ब्रेक तिला थांबवतो. म्हणजे एक पुरत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, आणि मी त्याला अपयश समजून परिशिष्टात टाकलं होतं.” ती श्वास घ्यायला थांबली. “पण परत करून दाखवायला हवं. सुरुवातीपासून. सहा महिने लागतील. आणि सुरुवातीच्या पेशी कुठून आणायच्या?”

थेंबताईंनी कुप्यांची यादी पुढे केली.

सरांना सांगायला दोघी बरोबर गेल्या. सरांना परिषद सोडवत नव्हती. पेशींची ओळख पटवणारी डीएनए चाचणी केल्याशिवाय मी ऐकणार नाही, असं ते म्हणाले. ते योग्यच होतं. नऊ दिवसांनी अहवाल आला: बारावा फ्लास्क म्हणजे शंभर टक्के हट्टी. शांतांचा त्यात मागमूस नव्हता.

अहवाल टेबलावर ठेवून सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “ठीक आहे. मुदतवाढ मागू. प्रबंधात लिही, बारावा फ्लास्क तांत्रिक कारणामुळे वगळला. एवढं पुरे. ताई, तुम्ही आता निवृत्त होताय, उगाच कशाला नावाला डाग?”

थेंबताई सहसा सरांना उलट बोलत नसत. “तांत्रिक कारण वाचून पुढच्या माणसाला काय कळणार, सर? त्याच्या खोलीतही एक दिवस बाटली संपलेली असेल आणि ड्रायव्हर दारात असेल. काय झालं ते लिहू दे. बाटली एक, हट्टी आधी, तळ बाराव्याला.”

“आणि कुणी केलं म्हणून लिहायचं?”

“माझं नाव लिहा. वहीत माझंच अक्षर आहे.”



दोन महिन्यांनी थेंबताई निवृत्त झाल्या. रविवारी सकाळी चहा झाला की त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळायचे आणि अक्का म्हणायची, “बस जरा. पोरं मोठी झाली आता.” थेंबताई बसायच्या, पण मन तिसऱ्या मजल्यावर. नव्या बारा फ्लास्कचं काय झालं? पन्नासावी ओलांडली का? धाकटी फोनवर सांगायची, भरभर, एका दमात. एकदा रात्रीच्या जेवणात फोन आला आणि अक्कानेच विचारलं, “थांबली का गं ती?” दोघी बहिणी मग आकडे ऐकत बसल्या.

बाराही थांबले. साठ ते पासष्टच्या दरम्यान.

प्रबंध बांधायला जायच्या आदल्या दिवशी धाकटीने त्यांना बोलावून घेतलं. पाहुण्यांची चिठ्ठी छातीला लावून थेंबताई त्या दुहेरी दारातून आत गेल्या. नव्या तंत्रज्ञाने त्यांना हात धुवायला सांगितलं, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. धाकटीने एकशे बारावं पान समोर ठेवलं. तिथे सगळं होतं, बाटली, क्रम, तळ, शेपटीवाला, वहीतली नोंद जशीच्या तशी, आणि ती करणाऱ्या बाईचं पगारपत्रकावरचं पूर्ण नाव. पगारपत्रक सोडलं तर छापील अक्षरात आपलं नाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी पान शांतपणे शेवटपर्यंत वाचलं.

“सतरा तारीख लिहिलीयेस,” त्या म्हणाल्या. “अठरा. गुरुवार होता.”

धाकटीने कपाळाला हात लावला आणि खोडून अठरा केलं. “आणखी काही?”

“नाही. एकदा बघू दे त्यांना.”

नव्यांपैकी तिसरा फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला होता. पेशी मोठ्या, पसरट, ऐसपैस झाल्या होत्या. दोन महिने एकही दुभंगली नव्हती. पाणी मात्र नुकतंच बदललेलं दिसत होतं, आणि जुनं, थोडं फिकटलेलं पाणी बाजूच्या नळीत काढून ठेवलं होतं.

“या मेलेल्या नाहीत,” थेंबताई म्हणाल्या.

“नाहीत.”

“दुभंगत नाहीत, मरत नाहीत, आणि खातात. मग खाऊन करतात काय त्या दिवसभर?”

धाकटी हसली. “काहीबाही तयार करून बाहेर सोडतात. शेजारच्या पेशींवर त्याचा परिणाम होतो, कधी चांगला, कधी वाईट. थोडं कळलंय लोकांना. पुरतं नाही कळलं अजून.”

“जेवढं कळलंय तेवढं सांग,” असं म्हणून थेंबताईंनी स्टूल पुढे ओढलं. “आणि सावकाश.”